पोळं

साखरा फाट्यावर माझं दुकान म्हणजे
चार टिनं, एक कॉम्प्रेसर
आणि लिंबाखाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन.

प्रज्वल खोडके भर दुपारी आला.
गाडी बीएस-सिक्स, सीटवरचं प्लॅस्टिकही निघालं नव्हतं.
म्हणाला, "देवमनभौ, हिले आवाजच नाही.
शिलाई मशीन चालवल्यावानी वाटते.
आतलं सारं काढून टाक."

मी नाही म्हटलं नाही.
दिग्रसच्या रस्त्याला अजून तीन दुकानं आहेत,
आणि माझ्या ग्राइंडरचा हप्ता त्यांतलं कोणी भरत नाही.

आधी कोळशाचा डबा काढला,
टाकीतली वाफ मुकाट गिळून बसणारा.
त्याची नळी बोल्ट ठोकून बंद केली.
मग सेन्सर.
मीटरवर पिवळा दिवा लागला,
त्याच्यावर काळी टेप चिकटवली, अर्ध्या नखाएवढी.
डोळ्यावर पट्टी बांधायला एवढीही पुरते.

मग पाइप कापला.
ठिणग्यांना भिऊन गोल्या मागं सरला,
आणि पत्र्याच्या नळीसकट ते हातात आलं:
पोळं.
खरंच पोळं. राखाडी, अजून गरम,
हजारेक बारीक घरं, भिंतीला भिंत लावून.

माझा बाप मध काढायचा, डोंगरातल्या अंजनाच्या झाडांवरचा.
धूर करून माश्या हाकलायचा, पण म्हणायचा,
पिलांचा भाग झाडालेच ठेवाव, बावा.
इथं सारं उलटं.
इथं धूरच राहायला यायचा
आणि घराघरातून फिरून, निवून, बाहेर पडायचा.

भंगारवाला याचे दोन हजार देतो.
वजन करत नाही, आधी मॉडेल विचारतो.
मी दिलं नाही. का, ते माहीत नाही.
खिळ्याला टांगून ठेवलं.

बटण दाबलं तर लिंबावरचे कावळे उडाले.
टपरीवरचा चहा कपातल्या कपात हलला, असं गोल्या सांगतो.
गोल्या काहीही सांगतो.
प्रज्वल मात्र हसला,
आणि हसतहसतच पीयूसीच्या व्हॅनपाशी थांबला.
तिथल्या पोरानं नंबर प्लेटचा फोटो काढला, पैसे घेतले.
कागदावर गाडी ठणठणीत होती.

दिवाळी झाली. जिनिंग सुरू झालं.
एका पहाटे दुकान झाडताना पाहिलं,
प्रज्वल गाडी ढकलत येतोय.
"बंद पडली का बे?"
"नाही."
"पेट्रोल?"
"हाये."
"मंग?"
तो हँडल धरून उभाच राहिला.
"माय रातपाळी करून येते, ओसरीत झोपते.
चालू केली की खोकत उठते.
मंग इथपर्यंत आणतो, रोज."

बेबीबाईला मी ओळखतो.
तिच्या केसांत रुई असते, हंगामभर.
आधी मला वाटायचं, लवकर म्हातारी झाली.

"ते वापस बसवता येते का, भौ?"

मी खिळ्यावरून नळी काढली.
एका बाजूचं तोंड मातीनं बंद.
कुंभारीण माशीनं लिंपलेलं, इतकं गुळगुळीत
की वाटावं कोणी बाईनं अंगठा फिरवलाय.
गोल्या पेचकस घेऊन आला. "खुपसू?"

मी नळी कानाला लावली.
काही ऐकू आलं नाही. येणार तरी काय.

"ठेव," मी म्हटलं.
"किती दिवस?" प्रज्वलनं विचारलं.
"थंडी सरली की निघतीन."
"अन् तोवर?"

तोवरचं मला काय माहीत.
मी नळी परत टांगली, तोंड वर करून.

रोज तो लिंबाखाली गाडी चालू करायचा.
त्या दिवशी लिंब मागं टाकून गेला,
पुलाकडं, ढकलत,
अंधारात त्याच्या चपला तेवढ्या वाजत होत्या.
मी झाडू हातात धरून थांबलो,
आता होईल आवाज, आता होईल,
बराच वेळ.